युद्धवार्ताहर, युद्धपत्रकार की युद्धबातमीदार?

प्रश्न : अमेरिकी पत्रकार मेरी कोल्विन आणि भारतीय छायाचित्रकार दानिश सिद्दीकी यांच्यावरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणतोय. मूळ लेखात दोघांनाही ‘वॉर कॉरस्पाँडंट’ म्हटलंय. मी ‘युद्धपत्रकार’ लिहिलं, संपादकांनी ते खोडून ‘युद्धवार्ताहर’ केलं. पण वार्ताहर म्हटलं की मला तालुक्याच्या गावाहून पाणीटंचाईची बातमी पाठवणारा माणूसच डोळ्यांपुढे येतो. ‘युद्धबातमीदार’ कसा वाटतो? आणि सिद्दीकींना पत्रकारितेचा अमेरिकी पुरस्कार पुलित्झर मिळालाय, तर ‘पुलित्झर विजेता’ बरोबर ना?

उत्तर : संपादकांचा बदल मला पटतो. ‘वार्ताहर’मधला ‘हर’ आला तो ‘हृ’ या धातूपासून, आणि त्याचा एक अर्थ वाहून नेणे, आणणे. संस्कृतात वार्ताहर म्हणजे निरोप्या, दूत. तालुक्याचा वार्ताहर आणि कोल्विन दोघेही हेच करतात, जिथे घडलं तिथे जाऊन बातमी घेऊन येतात. पत्रकार मात्र कचेरीत बसून अग्रलेख लिहिणाराही असतो.

‘युद्धस्य वार्ता रम्या’ हे आपण सगळेच म्हणतो, पण त्या सुभाषिताचा शेवट ‘त्रीणि रम्याणि दूरतः’ असा आहे. दुरून रम्य! ते अंतर तोडून आत शिरतो तो युद्धवार्ताहर. कोल्विन यांचा डावा डोळा २००१ मध्ये श्रीलंकेत ग्रेनेडच्या स्फोटात गेला. पुढची अकरा वर्षं त्या डोळ्यावर काळी पट्टी बांधून युद्धांमागून युद्धांत जात राहिल्या. २२ फेब्रुवारी २०१२ रोजी सीरियातल्या होम्स शहरात, बाबा अम्र भागात, तोफमाऱ्यात त्यांचा जीव गेला.

‘बातमीदार’ इथे अजिबात वापरू नका. वर्तमानपत्रात तो शब्द रुळलेला आहे हे खरं, पण ‘गुप्त बातमीदारामार्फत बातमी मिळाली’ हे पोलिसांचं वाक्य आपण रोज वाचतो. त्यात बातमीदार म्हणजे खबऱ्या. जुन्या मराठी पत्रव्यवहारातही शत्रूची ‘बातमी’ राखत, ती हेरांकडून. रणभूमीवर पत्रकाराला फार घातक असतो तो हेरगिरीचा आळ. तो आपल्याच शब्दातून सुचवला जाऊ नये.

प्रश्न : पण सिद्दीकी तर छायाचित्रकार होते. त्यांनाही वार्ताहर म्हणायचं?

उत्तर : पेशा सांगताना ‘वृत्तछायाचित्रकार’च लिहा. पण त्यांचं बांगलादेशातल्या शाह पोरीर द्वीपचं छायाचित्र एकदा नीट पाहा. सप्टेंबर २०१७, म्यानमारमधून बंगालचा उपसागर ओलांडून आलेली रोहिंग्या निर्वासित बाई थकून किनाऱ्यावर बसलीय आणि हात वाळूला टेकवलाय. मागे होडी. पोचलो की नाही याची खात्री ती तळहाताने करून घेतेय, असं मला दर वेळी वाटतं. वार्ता आणणं म्हणजे आणखी काय असतं?

एक बारकावा मात्र सांभाळा, कारण तो कायद्याचा आहे. युद्धकैद्यांविषयीच्या १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात ‘युद्धवार्ताहर’ म्हणजे सैन्याच्या परवानगीने सैन्यासोबत असणारा. तो पकडला गेला तर त्याला युद्धकैद्याचा दर्जा मिळतो. संघर्षक्षेत्रात काम करणारा इतर पत्रकार हा जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या पूरक कराराच्या कलम ७९ प्रमाणे सामान्य नागरिक ठरतो. बोलीत दोघेही युद्धवार्ताहर चालतील. लेखात कराराचा उल्लेख येत असेल, तर दुसऱ्याला ‘युद्धक्षेत्रातील पत्रकार’ असं सोडवून लिहा. कोल्विन सीरिया सरकारची परवानगी न घेता होम्समध्ये शिरल्या होत्या. सिद्दीकी १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानातल्या स्पिन बोल्डकजवळ मारले गेले तेव्हा अफगाण विशेष दलाबरोबर होते. इंग्रजीत दोघांना एकच शब्द असला, तरी दोघांची परिस्थिती एक नव्हती.

आता ‘विजेता’. शर्यत जिंकतात, पुरस्कार मिळतो. ‘पुरस्कार जिंकला’ हे इंग्रजीवरून आलं आणि आता सर्रास छापतात, मला ते खुपतं. इथे तर फारच. सिद्दीकींना २०१८ चं पुलित्झर मिळालं ते रॉयटर्स वृत्तसंस्थेच्या छायाचित्रकारांच्या चमूबरोबर, रोहिंग्यांच्या छायाचित्रांसाठी. २०२२ चं मिळालं ते भारतातल्या कोविडकाळाच्या छायाचित्रांसाठी, तीन सहकाऱ्यांसोबत आणि मरणोत्तर. ‘मरणोत्तर विजेता’ हे कानाला कसं लागतं बघा. ‘मानकरी’ हा आपला शब्द दोन्ही ठिकाणी बसतो.

मी असं लिहीन : ‘पुलित्झरचे दोनदा मानकरी ठरलेले वृत्तछायाचित्रकार दानिश सिद्दीकी, दुसरा मान मरणोत्तर.’