रोझ बोल २००६ : निकाल ठरवणारे दोन यार्ड

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या संघांमधला, म्हणजे यूएससी (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) आणि टेक्सास यांच्यातला, ४ जानेवारी २००६ चा रोझ बोल सामना टेक्सासचा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा खेळाडू) असलेल्या व्हिन्स यंगने एकहाती जिंकून दिला, हे म्हणणे बहुतांशी मान्य असले तरी त्यात टेक्सासच्या बचावफळीचे श्रेय झाकले जाते. दोन मिनिटांहून जेमतेम अधिक वेळ उरलेला असताना ३८-३३ असे पुढे असलेल्या यूएससीने चौथ्या डाउनवर (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी शेवटच्या), उरलेल्या दोन यार्डांसाठी, आपल्या लेनडेल व्हाइटकडे चेंडू सोपवला आणि टेक्सासने त्याला थोडक्यात रोखले. हाइझमन (सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूचा पुरस्कार) विजेता यूएससीचा रेजी बुश तेव्हा चक्क मैदानाबाहेर उभा होता. पंट (चेंडू लाथेने दूर मारून प्रतिस्पर्ध्याला देणे) न करण्याचा यूएससीचे प्रशिक्षक पीट कॅरल यांचा निर्णय समजण्यासारखा आहे, बुशला बाहेर ठेवणे मात्र अनाकलनीय. त्यानंतर १९ सेकंद उरले असताना, पुन्हा चौथ्याच डाउनवर, यंग उजव्या कोपऱ्यातून आत धावला आणि ४१-३८ अशा निकालाने यूएससीची सलग ३४ विजयांची मालिका खंडित झाली.