मदत हवी आहे : प्रसूतिगृहातील जुनी प्रथा बंद कशी करावी?

नमस्कार. खानापूर तालुक्यातील एका छोट्या प्रसूतिगृहात मी परिचारिका आहे. प्रसूतीपूर्वी सरसकट एनिमा (पोट साफ करण्यासाठी गुदद्वारातून दिले जाणारे पाणी) देऊ नये व जननेंद्रियाजवळचे केस काढू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट असूनही आमच्याकडे दाखल होणाऱ्या प्रत्येक बाईच्या खाटेशी एनिमाचा डबा आणि ब्लेड आजही ठेवले जाते. डॉक्टरांना मुद्दा पटतो. अडते ते सवयीपाशी, आणि खरे सांगायचे तर ‘काहीच तयारी केली नाही’ या बाळंतिणीच्या सासूबाईंच्या तक्रारीपाशी. बेळगाव-निपाणी भागात ज्यांनी ही प्रथा थांबवली, त्यांच्याकडे निर्णय कोणी घेतला, दाखल करतानाच्या छापील कागदावरची एनिमा व केस काढण्याची ओळ वगळली का, आणि जुन्या सिस्टरांना कसे राजी केले, हे कृपया सविस्तर कळवावे.