अनुभव धागा : फिल्म स्कूलला जायचंय. प्रवेश कसा मिळतो, आत गेल्यावर काय होतं?

दरवर्षी प्रवेशाचे दिवस आले की मला तेच प्रश्न येतात. घरात कुणी या क्षेत्रात नाही, मुलीचं शिक्षण मराठीतून झालंय, तिला जमेल का? पैसे किती लागतात? पुढे पोट भरतं का? विचारणारे लातूरचे असतात, जालन्याचे, सावंतवाडीचे. प्रभात कंपनी 1933 मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली. तिच्याच आवारात 1960 मध्ये सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली, म्हणजे आजची एफटीआयआय. 2025 मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जाही मिळाला. मराठी सिनेमा जिथे वाढला ती ही जमीन, आणि आपल्याच तालुक्यांतल्या मुलांना ती परकी वाटते, हे मला फार लागतं. म्हणून जे तिथे किंवा दुसरीकडे शिकले, ज्यांची मुलं शिकतायत, त्यांना मी लिहायला सांगितलं. विनंती एकच होती : उपदेश नको, घडलं ते लिहा. सुरुवात माझ्यापासून करते.

संकलन, पुणे. मूळ गाव सोलापूर

ज्यांनी जगभरचा सिनेमा कोळून प्यायलाय त्यांनाच घेतात, असा माझा समज होता. लेखी परीक्षेत सामान्यज्ञान असतं, सिनेमाची माहितीही विचारतात. पण खरा कस लागतो तो लिहायच्या प्रश्नांत. प्रसंग उभा करता येतो का, तो दिसतो का, ऐकू येतो का, हे तिथे कळतं. लेखीतून निवड झाली की ओरिएंटेशन, म्हणजे संस्थेनेच घेतलेली छोटी कार्यशाळा, आणि मुलाखत. परीक्षेचा नमुना बदलत राहतो, तेव्हा क्लासवाल्यांच्या जुन्या नोट्सपेक्षा त्या वर्षीचं माहितीपत्रक दोनदा वाचा.

मुलाखतीत मला घरचं विचारलं. माझी आत्या विड्या वळायची, ते मी सांगितलं. समोरच्या बाई म्हणाल्या, मोजक्या शॉट्समध्ये दाखव. मी सांगत गेले : तेंदूपत्ता पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापतात तो हात, चिमूटभर तंबाखू, बोटांवर फिरणारं पान, दोरा, तोंड दुमडणं. मग संध्याकाळी कारखान्यात कारकून जुडी उलगडतो आणि खराब विड्या बाजूला टाकतो, त्याला आमच्याकडे छाट म्हणतात. "आत्याचा चेहरा कधी दाखवशील?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, विड्या वळताना नाहीच दाखवणार, पहिली छाट टेबलावर पडली की मगच. त्यावर पुढची पंधरा-वीस मिनिटं आमची चर्चा झाली. तो चेहरा आधी दाखवला तर काय बदलेल, छाट पडण्याचा आवाज चेहऱ्यावर आणला तर काय होईल. मी हिंदी आणि मोडक्या इंग्रजीत बोलत होते आणि कुणाचं काही अडलं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. तयारी म्हणजे बघायची सवय. एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या रांगेत, आठवडी बाजारात जे दिसतं ते रोज वहीत उतरवा. सिनेमे बघाच, पण वही सोडू नका.

ध्वनी, पुणे. मूळ गाव परभणी

आमच्या वेळी ध्वनीसाठी पदवी तर हवीच, शिवाय बारावीला भौतिकशास्त्र असणं गरजेचं होतं. मी बीएस्सी होतो, म्हणून अर्ज करू शकलो. पहिलं सेमिस्टर सगळ्या विभागांचं एकत्र असतं. दिग्दर्शनवाला बूम, म्हणजे लांब दांड्यावरचा माइक, धरतो, ध्वनीवाला कॅमेऱ्यामागे उभा राहतो. यातून एक गोष्ट पक्की बसते : दुसऱ्याचं काम किती अवघड आहे ते.

रूम टोन ही गोष्ट मी तिथे शिकलो. शूटिंग संपलं की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं आणि त्या खोलीची शांतता मिनिटभर रेकॉर्ड करायची, कारण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि संवाद जोडताना मधल्या फटी तिनेच भरतात. एका एक्सरसाइजला आम्हाला भाकरी थापण्याचा आवाज हवा होता. स्टुडिओत पीठ मळून पाहिलं, लाकडावर हात मारून पाहिला, पडद्यावर सगळं खोटं वाटत होतं. शेवटी मेसमधल्या मावशींना बोलावलं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "परात कुठाय?" परातीचा काठ फरशीवर घासतो, बांगड्या वाजतात, थापता थापता भाकरी फिरते तशी थापेची लयही फिरते. हे आम्ही कुणी ध्यानातच घेतलं नव्हतं. पुढे मुंबईत पहिली नोकरी मिळाली तेव्हा तोच तुकडा ऐकवला होता.

पोट भरतं का, तर भरतं. पहिली दोन-तीन वर्षं ओढाताण होते. ध्वनी आणि संकलनातली मुलं त्या मानाने लवकर कामाला लागतात, असं माझ्या बॅचपुरतं तरी दिसलं.

छायाचित्रण, पुणे. मूळ गाव नागपूर

माझ्या वर्गात मुली कमीच होत्या. कॅमेरा मुलींना पेलत नाही, हे वाक्य मी घरी, बाहेर, आणि पुढे सेटवरही ऐकलं. 35 मिमीचा कॅमेरा जड असतो हे खरं, पण तो उचलायला नेहमीच दुसरं कुणी सोबत असतं. खरा भार निर्णयाचा असतो. चारशे फुटांचं मॅगझिन, म्हणजे कॅमेऱ्यावरचा फिल्मचा डबा, साडेचार मिनिटांच्या आत संपतं आणि विद्यार्थ्याला कोरी फिल्म मोजून मिळते. मग आपोआप तालीम जास्त होते. उजेड मोजायचा मीटर लावून, फोकससाठी टेपने अंतर मोजून, नटाच्या पायाशी खूण चिकटवून सगळं ठरलं की मगच कॅमेरा सुरू. आता बहुतेक सगळं डिजिटल आहे, तरी ती शिस्त अंगात राहिली. माझ्या युनिटमध्ये अजूनही दिग्दर्शक विचारतात, इतके कमी टेक कसे पुरतात.

अर्ज करणाऱ्या मुलींना एक सांगते. फोटो काढायला महागडा कॅमेरा लागत नाही. एकाच खिडकीचे सकाळपासून संध्याकाळपर्यंत फोनवर फोटो काढा आणि उजेड कुठून कुठे सरकला ते शब्दांत सांगता येतंय का ते बघा.

पालक, नाशिक

मी स्वतः या क्षेत्रातला नाही, बँकेत होतो. माझ्या मुलाला लाल-हिरव्याचा फरक नीट कळत नाही. संकलन शिकायची त्याची इच्छा होती आणि जुनी माहितीपत्रकं वाचून आम्ही तो विषय सोडून दिला होता, कारण रंगांधळेपणा असला की काही अभ्यासक्रमांना प्रवेश मिळत नसे. बिहारच्या एका मुलाने याविरुद्ध कोर्टात दाद मागितली. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की रंगांधळ्या उमेदवारांना कुठल्याही अभ्यासक्रमाची दारं बंद करता येणार नाहीत. आमच्या घरी त्या दिवशी पेढे आणले होते. ज्या मुलाने ही लढाई लढली त्याचे आमच्यासारख्या किती घरांवर उपकार आहेत!

मुलगा आता शिकतोय, कुठे ते त्याच्या इच्छेमुळे लिहीत नाही. रंगांच्या कामाला सहाध्यायी मदत करतात, कथेची जोडणी तो स्वतः करतो. दुसरी गोष्ट पैशाची. सरकारी संस्था आणि खाजगी संस्था यांच्या फीमध्ये फार मोठी तफावत आहे. मुंबईतल्या एका खाजगी संस्थेत आम्ही चौकशीला गेलो तेव्हा आधी आगाऊ रकमेचं बोलणं झालं, मुलाने काय केलंय हे कुणी विचारलं नाही. आम्ही उठून आलो. पालकांनी कर्ज काढण्याआधी तिथल्या दोन-तीन माजी विद्यार्थ्यांना गाठून बोलावंच.

संकलन, कोलकाता. मूळ गाव कोल्हापूर

सत्यजित राय यांच्या नावाची संस्था, 1995 ची. माझ्या वेळी पुणे आणि कोलकाता मिळून एकच प्रवेश परीक्षा होती, जेईटी म्हणतात ती. पुण्याला नंबर लागला नाही, कोलकात्याला लागला, आणि आज वाटतं तेच बरं झालं. घराजवळ राहिले असते तर दर शनिवारी कोल्हापूरची गाडी पकडली असती. तिथे बंगाली शिकावंच लागलं, कारण आम्ही शूटिंगला जायचो ती माणसं, चहावाले, मासेवाल्या, सगळे बंगालीतच बोलत. भाषा पूर्ण कळत नसताना रशेस, म्हणजे शूटिंगचे न कापलेले तुकडे, लावायला बसलं की माणसाच्या डोळ्यांकडे जास्त लक्ष जातं. कुठे श्वास घेतला, कुठे नजर वळली, तिथे कट. आज मराठी सिनेमा कापतानाही मी पहिल्या फेरीत आवाज बंद ठेवून बघते.

जेवणाचे मात्र हाल झाले. आईने पाठवलेला कांदा-लसूण मसाला अख्ख्या मजल्याला पुरवावा लागायचा.

माहितीपट, दिल्ली. मूळ गाव अमरावती

जामिया मिल्लिया इस्लामियाच्या मास कम्युनिकेशन रिसर्च सेंटरमध्ये एमए केलं. 1982 पासूनचं केंद्र आहे. केंद्रीय विद्यापीठ असल्याने आवारात इतिहासवाले, समाजकार्यवाले, वास्तुशास्त्रवाले सगळे भेटतात, हा मला मोठा फायदा वाटला. विदर्भातल्या कापूस शेतकऱ्यांवर काम करायचं होतं तेव्हा कर्जाची गुंतागुंत मला अर्थशास्त्राच्या मित्राने समजावली. ज्यांचा ओढा माहितीपटाकडे आहे त्यांनी विद्यापीठातली केंद्रं जरूर बघावीत. प्रवेशाला लेखी आणि मुलाखत, दोन्ही पार करावं लागलं.

प्राग. मूळ गाव ठाणे

परदेशाबद्दल विचारणा झाली म्हणून लिहितोय. अमेरिकेत सामायिक परीक्षा नाही. प्रत्येक विद्यापीठाचा अर्ज वेगळा, स्वतःबद्दलचं निवेदन, लेखनाचे नमुने, काही ठिकाणी छोटी फिल्म, शिवाय शिफारसपत्रं. खर्च ऐकून मी युरोपकडे वळलो.

फामू ही प्रागची 1946 ची शाळा. मिलोश फोरमन, व्येरा खितिलोव्हा, यिर्झी मेंझल हे नावाजलेले चेक दिग्दर्शक इथेच शिकले. इमारत व्ल्टावा नदीच्या काठावर, समोर नॅशनल थिएटर. चेक सरकारी विद्यापीठांत चेक माध्यमातून शिकलात तर फी नसते, इंग्रजी अभ्यासक्रमांना असते. मी इंग्रजीतला घेतला. ज्याला एक-दीड वर्ष आधी भाषा शिकायची तयारी आहे त्याने चेकचा विचार नक्की करावा.

तिथले शिक्षक पटकथा बघायच्या आधी विचारतात, ही गोष्ट तुझीच का? मी पहिल्यांदा प्रागमधल्या दोन प्रेमिकांची गोष्ट नेली. ती नीट वाचून सरांनी विचारलं, तुझ्या शहरात सकाळी साडेसातला काय चालू असतं? मी ठाणे स्टेशन सांगायला लागलो. जलद लोकल कुठल्या फलाटावर येणार याची घोषणा बदलते आणि अख्खा जमाव पुलावरून पलीकडे धावतो, त्यात डबा घेतलेली एक बाई उलट दिशेने चाललेली असते. सर म्हणाले, त्या बाईवर लिही. फिल्म चेक नटीला घेऊन प्रागच्या स्टेशनवर केली, पण बाई ठाण्याचीच होती.

नगर. मूळ गाव बीड

माझा पुण्याला नंबर लागला नाही. वडील म्हणाले, आता बीएड कर. त्याच सुमारास कळलं की नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापनाचा, म्हणजे कम्युनिकेशन स्टडीजचा, पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे आणि नागराज मंजुळे तिथेच शिकले. पुणे विद्यापीठाची पदवी, फी परवडणारी, बीडहून एसटीने काही तासांत. मी गेलो. साधनं मोजकीच होती, त्यामुळे एका फिल्मवर सगळा वर्ग राबायचा. मी दुसऱ्यांच्या फिल्मवर केलेली कामं मोजली तर माझ्या स्वतःच्या फिल्मपेक्षा कितीतरी जास्त भरतील, आणि मला आज जे येतं ते त्यांच्यातून आलंय.

आमच्या भागातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांवर मी फिल्म केली. कोयता घेऊन गाड्या निघतात त्या दिवशी आम्ही पहाटे तांड्यावर होतो. एक मुलगी शाळेचं दप्तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कुठे ठेवावं म्हणून जागा शोधत होती. आधी भांड्यांच्या पोत्यावर, मग कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी, शेवटी स्वतःच्या पाठीवर. कॅमेरा एका मित्राच्या हातात होता. त्याने कट केला नाही, मीही सांगितलं नाही. तो एक शॉट पाहून गावातल्या शिक्षकांनी फिल्म तीनदा दाखवायला लावली आणि हंगामापुरतं मुलांना मागे ठेवता येईल का, यावर पालकांची बैठक घेतली.

वडील त्या बैठकीला आले होते. बीएडचा विषय नंतर निघाला नाही.

निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी

मी फिल्म स्कूलला गेलेले नाही, तरी मला लिहू दिलंत याचा आनंद आहे. पुण्याला उन्हाळ्यात एफटीआयआय आणि फिल्म अर्काइव्ह मिळून सिनेमा रसास्वादाचा महिनाभराचा वर्ग घ्यायचे. 1967 पासूनची ती परंपरा. मी साठीच्या उंबरठ्यावर तो केला. सकाळी व्याख्यान, मग फिल्म, मग चर्चा, रात्री पुन्हा फिल्म. माझ्या शेजारी एक डॉक्टर बसायचे आणि पलीकडे एक पोलीस अधिकारी.

मुलाला हे खरंच आवडतंय की नुसतं आकर्षण आहे, असा प्रश्न ज्या घरात असेल त्यांनी आधी असा एखादा लहान वर्ग करून बघावा. एफटीआयआयचे छोटे अभ्यासक्रम 2017 पासून देशभर निरनिराळ्या गावांतही होतात. दिवसभर अंधारात बसून, कंटाळवाण्या वाटणाऱ्या फिल्मवरही दुसऱ्या दिवशी बोलावंसं वाटलं, तर अर्ज जरूर भरावा. आमच्या वाचनालयात आता महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही फिल्म लावतो. अर्ज भरणारी मुलं आसपासची असतील तर त्यांनी यावं, चर्चा मराठीतच होते.