रुपया घसरला म्हणून तेलाची पिशवी नेमकी किती महागते?

धागाकर्ता: जानेवारी २०२२ मध्ये साधारण ७४ रुपयांना मिळणारा डॉलर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ८३च्या वर गेला. आपण निम्म्याहून अधिक खाद्यतेल आणि ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो, त्यामुळे ही घसरण म्हणजे घरोघरी गुपचूप बसवलेला करच आहे, असे माझे मत आहे. टनाला हजार डॉलर दराने घेतलेले पामतेल डॉलर ७४ला असताना किलोला ७४ रुपये पडते, ८३ला असताना ८३. परदेशातला भाव तसूभर न हलता बंदरावरच नऊ रुपये वाढलेले असतात. पुढे रुपया सावरला, तरी किराण्याची यादी सहसा उतरत नाही.

प्रतिसाद १: गणित बरोबर आहे, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. युक्रेन युद्ध आणि इंडोनेशियाची निर्यातबंदी यांमुळे २०२२च्या पूर्वार्धात भडकलेले पामतेल त्याच वर्षी उतरले, आणि तेव्हा रुपया घसरतच होता. पेट्रोलचे उदाहरण तर याहून बोलके आहे: राज्याने जुलै २०२२ मध्ये कर कमी केल्यानंतर मुंबईतला १०६ रुपये ३१ पैशांचा भाव मार्च २०२४ पर्यंत जागचा हलला नाही. दरम्यान डॉलर ८०वरून ८३वर गेला आणि कच्चे तेलही बरेच खालीवर झाले. पंपावरचा फलक विनिमय दराकडे पाहून नव्हे, दिल्लीकडे पाहून बदलतो.

प्रतिसाद २: आम्ही लातूरकडचे सोयाबीनवाले, आमच्या दृष्टीने महाग डॉलर हे वाईट नाही, कारण बाहेरचे तेल महाग पडले तरच आमच्या मालाला उठाव येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूळ आयात शुल्क लागले, तरी त्या हंगामात सोयाबीन क्विंटलला ४८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकावे लागले, आणि मे २०२५ अखेर ते शुल्क निम्मे झाले. शहरातल्या फोडणीची काळजी सगळ्यांना असते. रुपयाच्या घसरणीतून आमच्या पदरात पडते ते एका अधिसूचनेने परत जाते.

धागाकर्ता: पेट्रोलबाबतची दुरुस्ती मान्य आहे. पण बरेचसे बाहेरून येणारे डीएपी हे रासायनिक खत गोणीला १३५० रुपयांना मिळते, ते खत स्वस्त आहे म्हणून नव्हे; फरक अनुदानातून भरला जातो, म्हणजे महागाई दुकानाऐवजी अंदाजपत्रकात दिसते. लातूरकरांना एवढेच विचारतो, ते अनुदान उद्या आटले, तर महाग डॉलर तुम्हाला तेव्हाही चालेल का?