'गोल'मधला सांटी खरोखर न्यूकॅसलकडून खेळू शकला असता का?

एक्स्ट्राटाइम:
परवा झोप येत नव्हती म्हणून २००५ चा 'गोल' हा फुटबॉलवरचा इंग्लिश पिक्चर परत लावला. शाळेत असताना बघून रडलो होतो, याही वेळी रडलो, ते जाऊ द्या. पण आता वय वाढल्यामुळे डोक्यात किडा वळवळायला लागलाय. सांटी म्हणजे लॉस एंजेलिसमध्ये बापाबरोबर लोकांच्या बागा साफ करणारा मेक्सिकन पोरगा, एक जुना स्काऊट (क्लबसाठी नवे प्लेअर हेरणारा) त्याला बघतो, इंग्लंडच्या न्यूकॅसल क्लबमध्ये एक महिन्याची ट्रायल मिळते आणि सीझन संपायच्या आत हा लिव्हरपूलविरुद्ध फ्री किक मारून हिरो. असं कुणाचं झालंय का खरंच? आणि दुसरं म्हणजे तो दमा लपवतो ते कशाला, इनहेलर घेतला तर बंदी येते का प्लेअरवर?

ऑफसाइड_अण्णा:
बाकी सगळं सोडा, तो पोरगा कागदपत्रांतच अडकला असता. त्या काळात युरोपियन युनियनबाहेरच्या प्लेअरला इंग्लंडमध्ये वर्क परमिट पाहिजे असेल तर नियम असा होता की त्याचा देश फिफा रँकिंगमध्ये पहिल्या ७० मध्ये हवा आणि त्याने आधीच्या दोन वर्षांत देशाच्या निदान ७५ टक्के अधिकृत मॅच खेळलेल्या हव्यात. मेक्सिको रँकिंगमध्ये आरामात बसायचा, पण सांटीच्या नावावर देशाची एक मॅच नाही!! अपील करायची सोय होती म्हणा, पण लोकल लीग खेळलेल्या पोराचं अपील घेऊन जाणार कोण. डायरेक्टरने हा भाग गाळला ते बरंच केलं, नाहीतर निम्मा पिक्चर सरकारी खिडकीसमोर गेला असता.

दोन_पफ:
दम्याचं मी सांगतो, मी स्वतः लहानपणापासून घेतोय. सालब्युटामोल, म्हणजे तो नेहमीचा निळा पंप, ठरावीक मर्यादेत ओढून घेतला तर डोपिंगमध्ये बसत नाही. इंग्लंडच्या पॉल स्कोल्सला दमा होता, बेकहॅमलाही, दोघं अख्खं करिअर खेळले. त्यामुळे सांटीने पहिल्याच दिवशी क्लबच्या डॉक्टरला सांगितलं असतं तर मॅटर तिथंच संपला असता. पण तो का लपवतो हे मला पटतं. ट्रायलवर आलेल्या पोराला वाटतंच की आपल्याला काढायला यांना एक कारण पुरेल. तो टीममेट त्याचा इनहेलर बुटाखाली चिरडतो ना, तो सीन मी अजून फॉरवर्ड करतो. त्याच्यानंतर ग्राउंडवर त्याची जी हालत होते ती बरोबर दाखवलीय, पाय पळायला तयार असतात पण हवा आतच जात नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं होतं आणि बाहेरच्यांना वाटतं हा पळायचा कंटाळा करतोय. कोचलाही तसंच वाटतं आणि त्याला घरी पाठवतात.

बाकावरचा_बारावा:
असं कुणाचं झालंय का म्हणजे काय राव, जेमी वार्डी आहे की. शेफील्ड वेन्सडे क्लबने १६ व्या वर्षी काढून टाकला, मग स्टॉक्सब्रिज नावाच्या छोट्या क्लबकडून आठवड्याला ३० पाउंडांवर खेळायचा आणि दिवसा फॅक्टरीत काम. त्यात एका मारामारीच्या केसमुळे पायात इलेक्ट्रॉनिक टॅग आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळेत घरात पाहिजे, मग लांबची मॅच असली की हा तासाभरात सब होऊन थेट गाडीत बसून घरी!! हे पिक्चरमध्ये टाकलं असतं तर तूच म्हणाला असतास काहीही दाखवतात. लेस्टर क्लबने २०१२ मध्ये १० लाख पाउंडांना घेतला, २०१५ मध्ये प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगच्या, सलग ११ मॅचमध्ये गोल मारून व्हॅन निस्टलरॉयचा १० चा रेकॉर्ड मोडला आणि २०१६ ला लीग जिंकली. फक्त फरक बघ, १६ व्या वर्षी हाकललेला पोरगा टॉपला पोचला तेव्हा २८ चा होता. सांटीला जे एका सीझनमध्ये मिळतं त्याला याची बारा वर्षं गेली.

ऑफसाइड_अण्णा:
इयान राइट पण घ्या त्यात. २१ वर्षांचा होईपर्यंत रविवारची लोकल लीग, मग १९८५ ला क्रिस्टल पॅलेस क्लबने घेतला आणि पुढे आर्सेनलसाठी १८५ गोल. स्काऊटची नजर पडली तर होतं हो, पण ती पडेपर्यंत माणूस खेळत राहिला पाहिजे, आणि बहुतेकांच्या घरी तेवढा दम नसतो. सांटीचा बाप साठवलेले पैसे उचलून ट्रक घेतो, त्याला सगळे व्हिलन म्हणतात, मी नाही म्हणत.

एक्स्ट्राटाइम:
वार्डीचं टॅगचं माहीत नव्हतं, वेड लागलं वाचून. अण्णा, बापाचं बोललात म्हणून सांगतो, मी रडलो ते फ्री किकला नाहीच. बाप पोराशी धड बोलत नाही पण बारमध्ये जाऊन टीव्हीवर त्याची मॅच बघून येतो आणि पोराला ते बाप गेल्यावर फोनवर कळतं, तिथे मी पॉज केला आणि पाणी प्यायला उठलो. दोन_पफ, तो इनहेलरचा सीन आता मलाही फॉरवर्ड करावा लागणार बहुतेक.