ध्रुवीय समुद्रात गेलेल्या पाचोळ्याचे पुढे काय होते?

प्रश्न (विज्ञान शिक्षिका, खानापूर तालुका)

आमच्या शाळेपासून मलप्रभा हाकेच्या अंतरावर आहे. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर मुलांनी नदीचे पाणी काचेच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवले. दोन दिवसांत गाळ तळाशी बसला, पण वरच्या पाण्यातली कोऱ्या चहासारखी छटा काही गेली नाही. तो जंगलातल्या पाचोळ्याचा अर्क आहे, हे मी समजावून सांगितले. त्यावर एका मुलीने विचारले, "बाई, आपली नदी कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जाते, पण जिथे समुद्रच गोठतो, तिथल्या नद्यांचा पाचोळा कुठे जातो?" थंडीत काही कुजत नसल्याने तो तळाशी साठून राहत असेल, असे मी सांगितले खरे, पण घरी आल्यावर ते उत्तर माझे मलाच पटेना. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर (भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक, बेळगाव)

मुलीचा प्रश्न फार मोलाचा आहे. जगातल्या सागरजलापैकी जेमतेम एक टक्का पाणी आर्क्टिक महासागरात आहे, परंतु जगभरच्या नद्या समुद्राला देतात त्यातले सुमारे दहा टक्के पाणी या एकट्याच्या वाट्याला येते. ओब, येनिसेई, लेना आणि कोलिमा या सैबेरियातून, तर युकॉन आणि मॅकेन्झी या उत्तर अमेरिकेतून वाहत येतात. त्यांपैकी युकॉन तेवढी बेरिंग समुद्रात उतरते आणि तिचे पाणी सामुद्रधुनीतून पुढे उत्तरेकडे सरकते. या नद्यांच्या खोऱ्यांत कायम गोठलेली जमीन फार मोठ्या प्रमाणावर आहे, आणि उत्तरेकडच्या अशा जमिनींत मिळून सुमारे दीड लाख कोटी टन कार्बन अडकलेला आहे, म्हणजे आज हवेत आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट. थंडीत कुजणे मंदावते हे तुमचे म्हणणे बरोबर असल्यामुळे, तळाशी साठण्याची शक्यताच मला अधिक वाटते.

उत्तर (सागरी रसायनशास्त्राचा अभ्यासक, मूळ गाव निपाणी)

सर, आपल्याविषयी पूर्ण आदर राखून थोडी दुरुस्ती सुचवतो. कुजणे मंदावते, पण थांबत नाही. शिवाय सगळा कार्बन एका जातीचा नसतो. बाईंच्या बाटलीतच त्याचे दोन भाग दिसतात: तळाशी बसलेला गाळ आणि पाण्यात उरलेला रंग.

आर्क्टिकमध्ये नद्यांतून दरवर्षी जाणाऱ्या सेंद्रिय कार्बनपैकी विरघळलेला भाग तीन कोटी टनांच्या आसपास, म्हणजे कणरूप भागाच्या कितीतरी पट आहे. त्यातला मोठा वाटा मे-जूनच्या पुरात येतो. तेव्हा बर्फ वितळते, परंतु खालची जमीन गोठलेलीच असल्याने पाणी आत न मुरता वरचा पाचोळा आणि शेवाळ धुऊन नेते. म्हणूनच हा कार्बन बहुतांशी अलीकडच्या काळातला असतो आणि जिवाणूंना तो पचायलाही सोपा जातो. अलास्कातल्या नद्यांचे पुराचे पाणी तीन महिने ठेवून पाहिले, तेव्हा त्यातला वीस ते चाळीस टक्के विरघळलेला कार्बन जिवाणूंनी संपवला. उन्हाळ्यातल्या पाण्यातला मात्र फारच थोडा संपला. समुद्रावरचे बर्फ हटले की चोवीस तासांचे ऊन तपकिरी रेणू तोडते, आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड परत बाहेर पडतो.

जे टिकते ते दूरवर जाते. लिग्निन हा लाकडाचा घटक समुद्री शैवाल तयार करत नाही, त्यामुळे तो जमिनीवरच्या झाडांची खूणच ठरतो. ही खूण ध्रुव ओलांडून ग्रीनलंडच्या पूर्वेकडच्या प्रवाहात आणि पुढे उत्तर अटलांटिकमध्येही सापडली आहे.

कणरूप कार्बनची गोष्ट निराळी. ढासळलेल्या काठांची माती पुष्कळदा हजारो वर्षांची असते. मॅकेन्झीच्या गाळातला वनस्पतिजन्य कार्बन सरासरी पाच-सहा हजार वर्षे जुना आढळला, आणि तो मातीच्या कणांना चिकटून लवकर गाडला जात असल्यामुळे बराचसा समुद्रतळाशी टिकून राहतो. तिथे बाईंचे उत्तर पुष्कळसे खरे ठरते. पूर्व सैबेरियाच्या उथळ समुद्रात मात्र तसे नाही. तिथे नदीच्या गाळाबरोबर खचणाऱ्या किनाऱ्याची मातीही पडते, कुजण्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळतो, आणि त्याने समुद्राचे पाणी आम्लधर्मी होत असल्याचे मोजमापांतून दिसले आहे. आम्हा अभ्यासकांना खरी काळजी वाटते ती याचीच.

शिक्षिका

मनापासून आभारी आहे. म्हणजे गाळाच्या बाबतीत मी काहीशी बरोबर आणि रंगाच्या बाबतीत चूक होते, हे सोमवारी वर्गात सांगेन. पण नदीचे पाणी खारट पाण्याला भिडते, तिथे गाळाचे काय होते?

अभ्यासक, निपाणी

बाई, हे मुलांनाच पाहू द्या. गढूळ पाण्याच्या दोन बाटल्या भरा, एकीत दोन चमचे मीठ टाका आणि दोन्ही हलवून ठेवा. मिठाच्या बाटलीतले मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि लवकर बसतात. नदीच्या मुखाशी असेच घडते, म्हणून पुष्कळसा गाळ किनाऱ्याजवळच थांबतो. रंग मात्र दोन्ही बाटल्यांत राहील, आणि नेमका तोच पुढे जातो.