कर्वे रस्ता ते हडपसर, मार्गे सिंगापूर: राउटर ‘सर्वोत्तम मार्ग’ नेमका कसा ठरवतो?

कोथरूडकर (प्रश्न)

आमच्या निदान केंद्राची एक शाखा कर्वे रस्त्यावर आणि दुसरी हडपसरला आहे. कर्वे रस्त्यावर काढलेल्या स्कॅनच्या प्रतिमा तेथील सर्व्हरवर साठवल्या जातात आणि हडपसरला बसणारे डॉक्टर त्या आपल्या संगणकावर उघडून अहवाल लिहितात. दोन्ही शाखांच्या इंटरनेट लाइन वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत. गेल्या महिन्यापर्यंत एका शाखेतून दुसऱ्या शाखेला पिंग केले की ४ ते ५ मिलिसेकंदांत उत्तर येत असे. गेले दोन आठवडे तेच उत्तर ६५ मिलिसेकंदांनी येत आहे. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण एका तपासणीत सुमारे ३०० प्रतिमा असतात आणि आमचा प्रोग्राम त्या एकामागून एक मागवतो, त्यामुळे प्रत्येक मागणीमागे ६० मिलिसेकंद वाढले की एकेका रुग्णामागे १८ सेकंद वाढतात. दिवसभरात ऐंशी-नव्वद रुग्ण असले की डॉक्टरांचा फोन येणारच.

कर्वे रस्त्यावरून ट्रेसराउट (माहितीचा तुकडा, म्हणजे पॅकेट, वाटेत कोणकोणत्या टप्प्यांवरून जातो ते दाखवणारी चाचणी) घेतला तेव्हा तिसऱ्या टप्प्याला मुंबई दिसली, तेथवर ४ मिलिसेकंद. पाचव्या टप्प्याच्या नावात सिंगापूरचा संक्षेप आहे आणि तेथे ६१ मिलिसेकंद. सातव्या टप्प्याला पुन्हा मुंबई, ६४ मिलिसेकंद, आणि शेवटी हडपसर, ६५. म्हणजे बारा-पंधरा किलोमीटरवर पोहोचायचे पॅकेट समुद्र ओलांडून परत येते. लाइन देणाऱ्या कंपनीच्या मदतकक्षाचे म्हणणे असे की, लाइन सुरू आहे आणि वेग पूर्ण मिळतो आहे, तेव्हा त्यांच्या बाजूने तक्रार नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. पहिला, दोन नेटवर्कच्या मधले राउटर, म्हणजे पॅकेट पुढे पाठवणारी उपकरणे, मार्ग निवडताना अंतर किंवा लागणारा वेळ पाहतच नाहीत का? दुसरा, आम्ही दोन कंपन्यांच्या लाइन आणि स्वतःचा एएस क्रमांक (इंटरनेटवर स्वतंत्र नेटवर्क म्हणून ओळख देणारा क्रमांक) घेतला, तर मार्ग आमच्या हाती येईल का?

तंतुमार्ग

पहिल्या प्रश्नाचे उत्तर, नाही, पाहत नाहीत. एकाच कंपनीच्या नेटवर्कच्या आत चित्र वेगळे असते. तेथे ओएसपीएफसारख्या पद्धतीत प्रत्येक राउटरला आपल्या विभागाचा पूर्ण नकाशा ठाऊक असतो, प्रत्येक तारेला किंमत दिलेली असते आणि डाइक्स्ट्रा यांनी १९५९ साली मांडलेल्या रीतीने सर्वांत कमी खर्चाचा मार्ग खरोखर मोजून काढला जातो. दोन कंपन्यांच्या मध्ये मात्र बीजीपी, म्हणजे नेटवर्कनी एकमेकांना मार्ग कळवण्याचा ठरलेला नियमसंच, चालतो. तेथे कोणाकडेच नकाशा नसतो. शेजारचे नेटवर्क फक्त एवढेच सांगते की, अमुक पत्ते माझ्यामार्फत मिळतील आणि त्यासाठी अमुक क्रमांकांची नेटवर्क ओलांडावी लागतील. आतील तारा किती लांब आहेत, कोठे गर्दी आहे, हे त्या निरोपात नसते, आणि कोणतीही कंपनी आपल्या आतला तपशील शेजाऱ्याला द्यायलाही तयार नसते.

एकाच ठिकाणासाठी असे अनेक निरोप आले की, राउटर त्यांची ठरलेल्या क्रमाने तुलना करतो. या क्रमात सर्वांत वरच्या जागी असते लोकल प्रेफरन्स, म्हणजे त्या कंपनीच्या अभियंत्यांनी स्वतः लिहून ठेवलेला आकडा. बहुतेक राउटरवर तो काही न लिहिल्यास १०० असतो. प्रत्यक्षात तो पैशाच्या हिशोबाने लिहिला जातो: जो ग्राहक आपल्याला पैसे देतो त्याच्याकडून आलेल्या मार्गाला सर्वांत मोठा आकडा, ज्याच्याशी बरोबरीच्या नात्याने फुकट देवाणघेवाण होते त्या पिअरला मधला, आणि ज्याला आपण पैसे मोजतो त्या अपस्ट्रीमला सर्वांत लहान. ग्राहकाकडून जाणारा मार्ग लांबचा असला तरी तोच निवडला जातो. लिक्सिन गाओ आणि जेनिफर रेक्सफर्ड यांनी सुमारे २५ वर्षांपूर्वी दाखवून दिले की, सर्वांनी हा क्रम पाळला आणि एका अपस्ट्रीमचे वा पिअरचे मार्ग दुसऱ्या अपस्ट्रीमला वा पिअरला पुढे सांगितले नाहीत, तर कोणतीही मध्यवर्ती सत्ता नसताना हे सारे जाळे एका स्थिर निवडीवर येऊन ठरते. मला स्वतःला ही गोष्ट आजही फार मोलाची वाटते.

लोकल प्रेफरन्स समान असेल, तर एएस पाथची लांबी पाहिली जाते, आणि येथेच पुष्कळांचा गैरसमज होतो. ही लांबी किलोमीटरची नसते, ओलांडलेल्या नेटवर्कच्या संख्येची असते. पुण्याहून निघून फक्त किती जिल्ह्यांच्या हद्दी ओलांडल्या एवढेच मोजले, तर सोलापूर एका हद्दीवर येते आणि मुंबईला जाताना रायगड, ठाणे अशा तीन हद्दी लागतात. या हिशोबाने सोलापूर ‘जवळ’, जरी ते अडीचशे किलोमीटरवर असले आणि मुंबई दीडशेवर असली तरी. सिंगापूर आणि मुंबई या दोन्ही ठिकाणी पसरलेले मोठे नेटवर्क या मोजणीत एकच घर धरले जाते.

पुढच्या पायऱ्या, म्हणजे ओरिजिन (मार्ग बीजीपीत कसा आला), मेड (कोणत्या दाराने यावे याची शेजाऱ्याची सूचना), बाहेरून शिकलेल्या मार्गाला आतून शिकलेल्यापेक्षा प्राधान्य आणि मग आपल्या आत सर्वांत जवळचे बाहेर पडण्याचे दार, या बरोबरी झाल्यावरच येतात. त्यातली शेवटची तेवढी लक्षात ठेवावी, कारण तिच्यामुळे प्रत्येक कंपनी परक्या पॅकेटचे ओझे शक्य तितक्या लवकर शेजाऱ्याच्या हद्दीत उतरवते आणि जाण्याचा मार्ग एक, येण्याचा दुसरा असे होते.

तुमच्या बाबतीत माझा अंदाज असा की, कर्वे रस्त्याच्या कंपनीने मुंबईच्या एक्स्चेंजवरच्या (अनेक कंपन्यांची नेटवर्क जेथे एकमेकांना जोडली जातात त्या ठिकाणच्या) मार्गांचा लोकल प्रेफरन्स चुकून खाली आणला असावा.

घाटमाथा

तंतुमार्ग यांनी क्रम अचूक सांगितला आहे, पण त्या क्रमाच्याही आधी एक नियम लागू होतो आणि माझ्या मते दोष तेथे आहे.

लोकल प्रेफरन्सची तुलना एकाच प्रीफिक्ससाठी, म्हणजे पत्त्यांच्या एकाच गटासाठी, आलेल्या मार्गांमध्ये होते. पॅकेट पुढे ढकलताना मात्र राउटर प्रथम त्या पत्त्याला लागू पडणारी सर्वांत नेमकी नोंद शोधतो. टपाल वर्गीकरणाच्या खोलीत ‘पुणे’ अशी एक पेटी आणि ‘पुणे ३०’ अशी दुसरी पेटी असेल, तर सदाशिव पेठेचे पत्र ‘पुणे ३०’ मध्येच पडते. ‘पुणे’ची पेटी दाराजवळ आहे, तिची गाडी लवकर सुटते, याला तेथे काही अर्थ नसतो. त्याचप्रमाणे १,०२४ पत्त्यांचा एक गट मुंबईच्या एक्स्चेंजवर जाहीर झाला आणि त्यातल्याच २५६ पत्त्यांचा लहान गट दूरच्या अपस्ट्रीममार्फत जाहीर झाला, तर त्या २५६ पत्त्यांची पॅकेट दूरच्याच मार्गाने जातात. एक्स्चेंजच्या मार्गाला कितीही मोठा लोकल प्रेफरन्स दिला तरी त्यात बदल होत नाही.

या नियमाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण २४ फेब्रुवारी २००८ चे आहे. यूट्यूब आपले १,०२४ पत्ते एकत्र जाहीर करत असे. पाकिस्तान टेलिकॉमने देशांतर्गत बंदीसाठी त्यातल्या २५६ पत्त्यांचा मार्ग तयार केला, तो चुकून बाहेर जाहीर झाला, त्यांच्या अपस्ट्रीमने तो पुढे पाठवला आणि जगभरच्या राउटरनी लहान गट अधिक नेमका म्हणून तोच धरला. सुमारे दोन तास यूट्यूबची वाहतूक तिकडे वळत राहिली. यूट्यूबने उत्तरादाखल तेच २५६ पत्ते आणि त्यांचे १२८-१२८ चे दोन तुकडे जाहीर केले, तेही याच नियमाच्या आधारावर.

आता आपल्या आकड्यांकडे पाहू. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणून पुणे ते मुंबई जाऊन-येऊन दीड-दोन मिलिसेकंदांचेच काम आहे. उरलेला वेळ वळणांचा आणि उपकरणांचा. मुंबईहून सिंगापूरला जाऊन परत येण्यास सुमारे ६० मिलिसेकंद लागतात. हडपसरला जाताना पॅकेट सिंगापूरला गेले आणि उत्तरही सिंगापूरमार्गेच आले असते, तर पिंग १२० च्या पुढे दिसायला हवा होता. तो ६५ आहे. म्हणजे एकाच दिशेला वळसा आहे आणि दुसरी दिशा अजूनही मुंबईवरूनच सरळ आहे. ट्रेसराउट फक्त जाण्याचे टप्पे दाखवतो, येण्याचे नाही, हे ध्यानात घेऊन आपण हडपसरहून उलट दिशेचा ट्रेसराउट घ्यावा. शिवाय कर्वे रस्त्याच्या कंपनीचे लुकिंग ग्लास पान (कंपनीच्या राउटरला दिसणारे मार्ग बाहेरच्यांना दाखवणारे संकेतस्थळ) असेल, तर तेथे हडपसरचा पत्ता टाकून कोणत्या आकाराचा गट, कोणाकडून शिकलेला दिसतो, ते येथे लिहावे. पत्ता मात्र येथे उघड करू नये.

कोथरूडकर

दोन्ही गोष्टी केल्या. हडपसरहून कर्वे रस्त्याचा ट्रेसराउट मुंबईवरून सरळ येतो, सिंगापूरचा त्यात मागमूस नाही. लुकिंग ग्लासवर हडपसरच्या पत्त्यासाठी दोन नोंदी मिळाल्या: १,०२४ पत्त्यांचा गट मुंबईच्या एक्स्चेंजवरून, लोकल प्रेफरन्स १५०, आणि २५६ पत्त्यांचा गट अपस्ट्रीमकडून, लोकल प्रेफरन्स १००. निवड २५६ ची झालेली आहे.

हडपसरच्या कंपनीतील एका अभियंत्यापर्यंत मी अखेर पोहोचलो. त्यांनी मोकळेपणाने सांगितले की, महिन्याच्या सुरुवातीला दुसरी अपस्ट्रीम लाइन घेतल्यावर येणारी वाहतूक दोन्हींवर वाटावी म्हणून त्यांनी गटाचे तुकडे केले. ते तुकडे दोन अपस्ट्रीमना जाहीर केले, पण एक्स्चेंजवरच्या यादीत भरायचे राहिले. त्यांची अपस्ट्रीम आणि कर्वे रस्त्याच्या कंपनीची अपस्ट्रीम या दोन मोठ्या कंपन्या मुंबईत एकमेकींना जोडलेल्या नाहीत, सिंगापूरला आहेत, म्हणून हा प्रवास.

तंतुमार्ग

माझा अंदाज चुकला होता, घाटमाथा यांचे निदान बरोबर निघाले. आता दोन्ही नियम एकत्र लावून पाहा. हडपसरच्या कंपनीने तेच २५६ पत्ते एक्स्चेंजवरही जाहीर केले की, दोन्ही बाजूंनी एकाच आकाराचा गट येईल, नेमकेपणात बरोबरी होईल आणि मग १५० विरुद्ध १०० ही तुलना लागू होऊन मुंबईचा मार्ग जिंकेल. उलट दिशा आजवर ठीक राहिली तीही याचमुळे, कारण कर्वे रस्त्याच्या कंपनीचे गट सर्वत्र सारख्याच आकाराने जाहीर होत आहेत.

देशातल्या देशातली वाहतूक बाहेर जाऊ नये, याच हेतूने २००३ साली निक्सी ही एक्स्चेंज चालवणारी संस्था स्थापन झाली. एक्स्चेंजला तार जोडली म्हणजे काम झाले असे मात्र होत नाही, तेथे काय जाहीर केले आहे तेही वेळोवेळी तपासावे लागते.

औंधकर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहिले, ते मी देतो, कारण आमच्या कचेरीत आम्ही हा खटाटोप केला आहे.

एएस क्रमांक आपल्याकडे आयआरआयएनएन या नोंदणी संस्थेकडून मिळतो. सोबत किमान २५६ आयपीव्ही४ पत्ते हवेत, कारण त्याहून लहान गट बहुतेक नेटवर्क स्वीकारतच नाहीत. एवढे झाल्यावर बाहेर जाणारे पॅकेट कोणत्या लाइनने काढायचे, हे पूर्णपणे तुमच्या हाती येते. येणारे पॅकेट मात्र येत नाही. तेथे तुम्ही फक्त सुचवू शकता, जसे नको असलेल्या लाइनवर आपला क्रमांक तीन-चार वेळा लिहून मार्ग मुद्दाम लांब दाखवता येतो; पण समोरच्याने लोकल प्रेफरन्स वेगळा लिहिला असेल, तर ही सूचना तेथपर्यंत पोहोचतच नाही, कारण लांबी त्यानंतर पाहिली जाते.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. बीजीपीला गर्दी दिसत नाही. दोन राउटरमधला संवाद टीसीपीच्या १७९ क्रमांकाच्या पोर्टवर चालतो आणि मधून मधून जाणारे ‘मी जिवंत आहे’ हे छोटे निरोप पोहोचत राहिले, तोवर मार्ग चांगलाच समजला जातो. बीजीपीच्या मानक दस्तऐवजात सुचवलेली वाट पाहण्याची मुदत ९० सेकंद आहे, अनेक राउटरवर ती १८० असते. संध्याकाळी लाइनवर दहातले एक पॅकेट गळत असेल, तरी हे निरोप पुरेसे वेळा पोहोचतात आणि निवड बदलत नाही.

दोन शाखांसाठी हा व्याप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही शाखांना एकाच कंपनीची दुसरी लाइन घ्यावी. मग शाखांमधली वाहतूक त्या कंपनीच्या आतच राहते आणि बीजीपीचा संबंध येत नाही. शिवाय प्रतिमा एकामागून एक न मागवता एका वेळी आठ-दहा मागवण्याची सोय प्रोग्राममध्ये आहे का, हेही विचारून घ्यावे.

कोथरूडकर

हडपसरच्या कंपनीने काल रात्री ते २५६ पत्ते एक्स्चेंजवर जाहीर केले. आज सकाळी आठ वाजता पिंग ४.६ मिलिसेकंद आला आणि ट्रेसराउटमध्ये मुंबईनंतर थेट हडपसर दिसले. डॉक्टरांनी पहिली तपासणी उघडली तेव्हा मी त्यांच्या मागे उभा होतो. सगळ्या प्रतिमा त्यांनी चष्मा लावेपर्यंत आल्या होत्या.

दुसऱ्या लाइनसाठी एका कंपनीकडून दरपत्रक मागवले आहे. तोवर दोन्ही शाखांमध्ये दर तासाला उलटसुलट ट्रेसराउट घेऊन तो नोंदवून ठेवणारी छोटी स्क्रिप्ट लावली आहे. प्रोग्राम बनवणाऱ्यांनी एकत्र मागणीची सोय पुढच्या आवृत्तीत देण्याचे मान्य केले आहे. आपणा तिघांचे मनापासून आभार.